वाडा, महाल आणि मॅन्शन : थोर घरांच्या नांवांचा अर्थपालट

१. प्रस्तुत लेख लिहिण्यास आमची एक चूक कारण झाली आहे. म्हणून तिच्या कथनापासूनच आरंभ करणें उचित होय. कांहीं वर्षांपूर्वीं अंबाजोगाईंतील एका जुन्या घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आम्हांस आला. दप्तर लहान, आणि कागद बहुतेक वाळवीनें खाल्लेले. परंतु दोघां भावांमधील वांटणीचा एक मोडी कागद त्यांत धड राहिला होता. वडील भावाकडे तीन महाल व धाकट्याकडे वाडा गेला, एवढें त्यांतून आम्हीं काढलें. त्या घराण्यांत एक प्रवाद पूर्वींपासून चालत आला होता. धाकट्या शाखेच्या मूळ पुरुषास मोठा वाडा मिळाला, तो त्यानें उधळला, आणि म्हणून त्याचा वंश दरिद्री झाला, असा तो प्रवाद. आमच्या वाचनानें त्यास कागदाचा आधार मिळाला. पुढें एका व्याख्यानांत आम्हीं तें सांगितलें, आणि घराण्याच्या हकीकतींत तीन राजवाडे व एक उधळलेला वाडा छापून निघाले.

२. तोच कागद अलीकडे पुन्हा वाचतां आमचें वाचन साफ चुकल्याचें ध्यानांत आलें. अक्षरें आम्हीं बरोबर लावलीं होतीं. चुकला तो अर्थ. महालांबरोबर कागदांत हक्क-लाजिम्याचा उल्लेख आहे, चौक-सोप्यांचा नाहीं. वाड्याबरोबर कुंपण व गुरांची गणती आहे. आणि ज्या इमारतींत दोघे भाऊ राहात होते तिला कागदांत नुसतें घर म्हटलें असून तिचे खण मोजून निम्मे निम्मे वांटले आहेत. तात्पर्य, वडील भावास तीन महसुली महालांवरील वतनाचे हक्क मिळाले, आणि धाकट्यास गुरें कोंडण्याची कुंपण घातलेली जागा. ज्यास राजवाडा कधीं मिळालाच नाहीं त्यानें तो उधळल्याचा ठपका त्याच्या वंशजांनीं पिढ्यान् पिढ्या सोसला, आणि अखेरीस त्यावर शिक्का बसला तो आमच्या हातून. ही दुरुस्ती छापून देणें आमचें कर्तव्य आहे. परंतु नुसती दुरुस्ती देऊन भागण्यासारखें नाहीं. कारण ज्या वाटेनें आम्ही चुकलों ती वाट जुने कागद वाचणाऱ्या सर्वांच्या पायाखालची आहे.

३. आमच्या पिढीचें शिक्षण इंग्रजी कोशांच्या आधारें झालें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ सालीं व सुधारून १८५७ सालीं निघाला. त्या थोर ग्रंथाचें ऋण आम्हांवर आहेच. त्यांत ‘वाडा’ या शब्दास भव्य इमारत या अर्थीं ‘मॅन्शन’ हा इंग्रजी प्रतिशब्द दिला आहे, आणि गांवाचा भाग, पेठ, हाहि अर्थ दिला आहे. आमच्या मनांत मात्र पहिला अर्थ ठसला, दुसरा मागें पडला. वाडा म्हणजे मॅन्शन, मॅन्शन म्हणजे वाडा, हें समीकरण शाळेंतच पाठ झालें. वस्तुतः या समीकरणांतील एकहि पद स्थिर नाहीं. दोन्ही शब्द चालते आहेत. एका विशिष्ट काळीं ते एकमेकांशेजारीं येऊन उभे राहिले, त्याच वेळीं कोशकारानें त्यांची गांठ घातली, इतकेंच. म्हणून आधीं इंग्रजी शब्दाचा प्रवास पाहूं, म्हणजे आपल्या शब्दाचा प्रवास उमगणें सोपें जाईल.

४. ‘मॅन्शन’ शब्दाचें मूळ लॅटिन ‘मानेरे’ म्हणजे राहणें, थांबणें या धातूंत आहे. त्यापासून झालेलें ‘मान्सिओ’ हें नाम प्रथम थांबण्याची क्रिया व नंतर थांबण्याची जागा दाखवूं लागलें. रोमन साम्राज्याच्या सरकारी रस्त्यांवर साधारण एकेका दिवसाच्या मजलेवर अंमलदारांच्या रात्रीच्या मुक्कामासाठीं जीं ठाणीं असत त्यांस मान्सिओ म्हणत. घोडे बदलण्याचे टप्पे निराळे व अधिक जवळ जवळ असत. इंग्रजी अमलांतील आपले डाक बंगले म्हणजे रोमन मान्सिओच होत. हाच शब्द फ्रेंच भाषेंत ‘मेझों’ होऊन साध्या घराचा वाचक बनला. इंग्रजींत तो फ्रेंच वाटेनें चौदाव्या शतकांत आला तेव्हां त्याचा अर्थ राहण्याची जागा, वस्तीचें ठिकाण, एवढाच होता. त्या शतकांतील कवि चॉसर हा चंद्राच्या अठ्ठावीस मॅन्शनांचा उल्लेख करितो. हीं मॅन्शनें म्हणजे आपलीं अभिजितासह अठ्ठावीस नक्षत्रें! चंद्र ज्या ज्या ठिकाणीं एकेक रात्र मुक्काम करितो तें त्याचें मॅन्शन. येथें राजवाड्याची कल्पना करणारा वाचक हास्यास्पद ठरेल.

५. याहून बोधप्रद उदाहरण ख्रिस्ती धर्मग्रंथाचें आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत पित्याच्या घरीं पुष्कळ वसतिस्थानें आहेत अशा अर्थाचें एक वचन आहे. लॅटिन अनुवादांत तेथें ‘मान्सिओ’चें बहुवचन होतें, तेंच टिंडेलनें १५२६ सालीं व पुढें राजाज्ञेनें झालेल्या १६११ च्या भाषांतरानें ‘मॅन्शन’ या रूपानें ठेविलें. त्या काळीं तें बरोबरच होतें. परंतु पुढें शब्द चढला. जमीनदाराचें मुख्य राहतें घर, मग कोणतेंहि विस्तीर्ण व श्रीमंती घर, असा त्याचा अर्थ झाला. लंडनच्या नगराध्यक्षासाठीं १७३९ ते १७५२ या काळांत जी इमारत उठली तिचें नांवच मॅन्शन हाउस पडलें. मग भाविक वाचकांस प्रश्न पडूं लागला कीं, एका घरांत अनेक राजवाडे कसे मावतील? कित्येकांनीं स्वर्गांत आपणांस एक एक हवेली मिळणार असा सोयीचा अर्थ घेतला. अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांत बहुधा ‘खोल्या’ हा शब्द घातलेला आढळतो. मूळ वचन बदललें नाहीं. शब्दाखालची जमीन सरकली.

६. शब्द जसा चढला तसाच उतरला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादांत लंडनांत अनेक बिऱ्हाडांच्या उंच इमारती होऊं लागल्या, आणि भाडेकरूंस आपण श्रीमंतीनें राहतों असें वाटावें म्हणून त्यांस ‘मॅन्शन्स’ हीं नांवें देण्यांत आलीं. तीच चाल मुंबईस आली. मुंबईंतील वॉटसन हॉटेल ही विलायतेहून आणिलेल्या लोखंडी सांगाड्याची प्रसिद्ध इमारत. १८९६ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें येथें दाखविलीं गेलीं. पुढें हॉटेल बंद झालें, आंत कचेऱ्या व भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि त्या इमारतीस प्रथम महेंद्र मॅन्शन व नंतर एस्प्लनेड मॅन्शन हें नांव मिळालें. २००५ सालीं तिचा कांहीं भाग कोसळला. गंमत ही कीं, प्रवासी एक रात्र उतरत तेव्हां ती लॅटिन अर्थानें खरी मान्सिओ होती, परंतु तेव्हां तिला तें नांव नव्हतें. नांव मिळालें तेव्हां ती ना मुक्कामाची जागा राहिली ना श्रीमंताचें घर. जपानांत तर हाच शब्द ‘मान्शोन’ या रूपानें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झाला, व तेथें त्याचा अर्थ मोठ्या इमारतींतील एक सदनिका असा आहे. मुक्काम, नक्षत्र, खोली, सरदाराचें घर, चाळवजा इमारत, सदनिका : एवढें अंतर एका शब्दानें तोडलें.

७. हा प्रकार युरोपीय भाषांपुरता आहे असें कोणी समजूं नये. अरबी भाषेंत प्रवाशानें वाहनावरून उतरणें या अर्थाच्या धातूपासून ‘मंझिल’ शब्द होतो. मंझिल म्हणजे उतरण्याची जागा. चंद्राच्या नक्षत्रांस अरबी ज्योतिषी मंझिलच म्हणतात, हें वरील चॉसरच्या प्रयोगाशीं ताडून पाहावें. मराठींत याच मुळाचीं दोन रूपें नांदतात. ‘मजल’ म्हणजे एका दिवसाची वाट. सैन्य मजल दरमजल चालतें तें हेंच. ‘मजला’ म्हणजे घराचा थर. एक रस्त्यावर राहिला, दुसरा जिन्यानें वर चढला. आणि हैदराबादेस व मुंबईस घरांच्या दारांवर मंझिल शब्द कोरलेला दिसतो, तेथें तो पुरा मॅन्शनच झाला आहे.

८. ‘महाल’ शब्दाची कथा आमच्या चुकीच्या गाभ्याशीं आहे. हाहि अरबी. ओझें सोडून उतरणें, वस्ती करणें, या अर्थाच्या धातूपासून झालेला. मूळ अर्थ ठिकाण, जागा. याच धातूपासून ‘महल्ला’ म्हणजे गांवाची आळी. दिल्लीच्या बादशाहींत ‘महाल’ एकीकडे बादशाही अंतःपुराचा व राजगृहाचा वाचक झाला, तर दुसरीकडे महसुली दप्तरांत मुलुखाच्या एका पोटविभागाचा. मराठी राज्यांत दोन्ही अर्थ एकाच वेळीं चालत होते. ज्या लाल महालांत १६६३ सालीं शिवाजी महाराजांनीं शाएस्तेखानावर छापा घातला तो महाल इमारत होय. परंतु त्याच राज्याच्या अठरा कारखाने व बारा महाल या व्यवस्थेंतील महाल म्हणजे सरकारी खातीं. त्या बारांत पोतें, टंकसाळ, पागा, पालखी, थट्टी अशीं खातीं होतीं. यांस राजवाडे मानून कोणी शोधूं लागला तर त्यास गायींच्या थट्टीपाशीं जाऊन थांबावें लागेल. मुलुखी अर्थाचा महाल ‘महालकरी’ या हुद्द्याच्या रूपानें इंग्रजी अमलांतहि जिवंत राहिला. ‘हवेली’चें असेंच आहे. अरबी मुळांत सभोंवतालचा प्रदेश हा अर्थ असून, कसब्याभोंवतालचा खास सरकारी अमलाखालील मुलूख म्हणजे हवेली परगणा. पुणें जिल्ह्यांतील हवेली तालुका याची साक्ष देत उभा आहे. दप्तरांत हवेली शब्द आढळल्यावर लगेच कोरीव सज्जे डोळ्यांपुढें आणूं नयेत.

९. आतां आपल्या भाषेकडे वळूं. संस्कृतांत ‘वसति’ म्हणजे राहणें, विशेषतः रात्रीचा निवास. महानुभावांच्या स्थानवर्णनांत वसति हा शब्द चक्रधरस्वामींच्या रात्रीच्या मुक्कामासाठीं ठरीव अर्थानें योजिला असून, दीर्घ निवासास तेथें अवस्थान म्हटलें आहे. याच शब्दाची मराठींत ‘वस्ती’ झाली, आणि कन्नडांत ‘बसदि’ होऊन जैन मंदिर हा अर्थ आला. लीळाचरित्रांतील ‘बिढार’ म्हणजे उतरण्याची जागा. आजचें ‘बिऱ्हाड’ म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारें कुटुंब व त्याचें सामान. जुन्या मराठींत राजगृहास ‘राऊळ’ म्हणत, कारण तें ‘राजकुल’ शब्दाचें रूप आहे. पुढें राजा गेला व देव राहिला, आणि राऊळ म्हणजे देऊळ झालें. ‘धवळार’ म्हणजे धवलगृह, चुन्यानें पांढरें केलेलें घर. ‘सौध’ शब्दांतहि सुधा म्हणजे चुनाच आहे. अमरसिंहानें हर्म्य हें धनिकांचें व प्रासाद हा देवांचा व राजांचा अशी वांटणी करून ठेविली. परंतु वैदिक काळीं हर्म्य म्हणजे कुंपणानें वेढलेलें, गुरांच्या गोठ्यासह असलेलें गृहस्थाचें घर होतें. धनिकाच्या हर्म्याचा पाया गोठ्यांत आहे, ही गोष्ट वाड्याचा विचार करितांना फार उपयोगी पडते. ‘गोष्ट’ हा शब्दहि गोष्ठ, गोष्ठी, अशा वाटेनें गोठ्यांतूनच बाहेर पडला आहे.

१०. ‘वाडा’ हा संस्कृत ‘वाट, वाटक’ यांचा वंशज. वाट म्हणजे कुंपण व कुंपणानें बंद केलेली जागा. रस्ता या अर्थाच्या ‘वाट’ शब्दाशीं व वडाच्या झाडाशीं याची गल्लत करूं नये. सगळीं वडगांवें वाड्याचीं नव्हत. दक्षिणेंतील ताम्रपटांत ग्रामनामांच्या अखेरीस वाटक व वाटिका हे शब्द येतात. आमच्या वाड्या तेथून आल्या. हा पहिला अर्थ अद्याप मेलेला नाहीं. गुरांचें ‘वाडगें’, मेंढरांचा ‘मेंढवाडा’ हे शब्द बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांत कोणासहि समजतात. धनगर मेंढरें घेऊन रानोरान फिरतात तेव्हां त्यांच्या कुटुंबकबिल्यासह असलेल्या तळासच वाडा म्हणतात. आज या शेतांत, उद्यां त्या शेतांत, असा हा चालता वाडा. रोमन मान्सिओशीं याचें नातें शनिवारवाड्याहून जवळचें आहे.

११. कुंपणांत गुरांच्या जागीं माणसें आलीं, आणि वाडा म्हणजे एका जातीची किंवा धंद्याची आळी झाली. ब्राह्मणवाडा, माळीवाडा, महारवाडा, मांगवाडा हीं नांवें याच अर्थाचीं. पेशव्यांचें राजगृह ज्या शब्दानें ओळखलें गेलें त्याच शब्दानें गांवकुसाबाहेरील वस्तीहि ओळखली गेली. शब्दास यांत विसंगति वाटत नव्हती, कारण दोन्ही ठिकाणीं त्याचें काम एकच : आंतले व बाहेरचे यांच्यामध्यें कुंपण दाखविणें. एका ठिकाणीं आंत राहणें हा मान होता, दुसऱ्या ठिकाणीं ती शिक्षा होती. महाराष्ट्र शासनानें २०२० च्या डिसेंबरांत वस्त्यांचीं जातिवाचक नांवें बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर अशीं नांवें देण्याचा निर्णय घेतला. तो न्याय्यच आहे. संशोधकावर मात्र त्यामुळें एक जबाबदारी येते : जुन्या कागदांतील वाडा वाचतांना त्यांतील कुंपण कोणी कोणासाठीं घातलें होतें हें त्यानें विसरूं नये.

१२. आणि सर्वांत मोठा वाडा तर आम्हां सर्वांस पोटांत घेऊन बसला आहे. ‘मराठवाडा’ या नांवांतील वाडा म्हणजे मराठ्यांचें राजगृह नव्हे. मारवाड, मेवाड, काठेवाड या नांवांप्रमाणें येथें त्याचा अर्थ प्रदेश असा आहे. अंबाजोगाईचा मनुष्य १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता, त्यानंतर हैदराबाद राज्यांत, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० पासून महाराष्ट्रांत आला; या सर्व काळांत तो याच वाड्यांत राहिला.

१३. वाडा म्हणजे थोर घर हा अर्थ या सर्वांच्या मागून वर आला. चारी बाजूंस भिंत, मध्यें चौक, भोंवतीं सोपे, पुढें दिंडीदरवाजा, अशा घरास कुंपणाचें नांव शोभण्यासारखेंच होतें. पेशवाईंत हा अर्थ कळसास पोंचला. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारींत घातला गेला व वास्तुशांति १७३२ च्या जानेवारींत झाली. तो १८२८ च्या आगींत जळाला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८०७ सालचा. त्यांत १८२१ सालीं इंग्रज सरकारची संस्कृत पाठशाळा बसली. धनी गेले, भिंती राहिल्या. पुढें पुण्यांतील वाड्यांत एकेका सोप्यांत एकेक बिऱ्हाड आलें, १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें तीं बिऱ्हाडें कायम झालीं, आणि वाडा म्हणजे भाडेकरूंची सामाईक वस्ती असा अर्थ शहरी कानास लागला. मुंबईच्या मॅन्शनाचीच ही पुणेरी आवृत्ति. गेल्या कांहीं दशकांत हे वाडे पाडून उंच इमारती उठल्या. त्यांच्या नांवांत पुष्कळदां वाडा हा शब्द ठेवितात, पण चौक ठेवीत नाहींत.

१४. आमच्या भागांत या अर्थास आणखी एक प्रतिस्पर्धी होता, तो ‘गढी’. देशमुख-पाटलांचें पांढऱ्या मातीच्या उंच बुरुजांचें घर ती गढी. गेवराई तालुक्यांत गढी नांवाचें गांवच आहे. त्याच्या खालोखाल माळवदाचा वाडा : लांकडी तुळयांवर मातीचें सपाट छत, भिंतींत धान्याचें बळद, आणि प्रवेशाशीं ढेलज. हा ढेलज शब्द फारसी ‘दहलीझ’ म्हणजे उंबरठा याचें रूप आहे. उंबरठ्याच्या नांवानें बैठकीची जागा ओळखली जाऊं लागली. याहून पुढची पायरी हैदराबादेस दिसते. मराठींत ‘देवडी’ म्हणजे दरवाज्याजवळील पहारेकऱ्याची जागा. हैदराबादेंत हीच देवडी उमरावाच्या संपूर्ण महालाचें नांव झाली. आमच्याकडे ‘कोठी’ म्हणजे धान्याचें कोठार, व वर सांगितलेल्या बारा महालांतहि ती त्याच अर्थानें येते. हैदराबादेस कोठी म्हणजे इंग्रज रेसिडेंटाची राजेशाही इमारत, आणि किंग कोठी हें तर शेवटच्या निजामाचें निवासस्थान. मोमिनाबाद या नांवानें अंबाजोगाई ओळखली जात होती त्या काळीं येथें हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. तें सैन्य १९०३ सालीं हिंदी लष्करांत मिळविण्यांत आलें. अशा छावण्यांनीं ‘बंगला’ शब्द दूरवर पोंचविला. तो मूळचा बंगाली झोंपडीचा, इंग्रजांच्या तोंडीं जाऊन साहेबाच्या घराचा झाला आणि मोठा होऊन परत आला. एकाच कागदांत मराठी लेखक व हैदराबादी अंमलदार या दोघांचे हात लागले असतील, तर देवडी व कोठी कोणाच्या तोंडच्या आहेत हें आधीं ठरवावें.

१५. अंबाजोगाई गांवच या विषयाचें एक उघडें दप्तर आहे. येथील शैव लेण्यास लोक ‘हत्तीखाना’ म्हणतात, कारण तेथें दगडांत कोरलेले मोठे हत्ती आहेत. हत्ती बांधण्याची ती जागा कधींच नव्हती. सिंघण यादवाचा सेनापति खोलेश्वर याच्या काळाशीं निगडित असलेलें सकलेश्वराचें देऊळ लोकांच्या तोंडीं ‘बाराखांबी’ आहे. देवाचें नांव मागें पडलें, खांबांची संख्या पुढें आली. आणि गीतार्णवकर्ते दासोपंत (शके १४७३ ते १५३७) यांच्या वंशजांचीं दोन स्थानें ‘थोरलें देवघर’ व ‘धाकटें देवघर’ या नांवांनीं प्रसिद्ध आहेत. देवघर म्हणजे घरांतील देवांची खोली. येथें त्या खोलीचें नांव सबंध वास्तूस, आणि वास्तूचें नांव शाखेस लागलें. ज्या पुरुषानें पंचीकरण विषय लांबच लांब पासोडीवर लिहून ठेविला त्याच्या घरास वाडा किंवा महाल न म्हणतां देवघर म्हणावें, यांत लोकांनीं मोठेंच औचित्य दाखविलें आहे. घराची थोरवी त्यांनीं खणांवरून मोजली नाहीं.

१६. या सर्वांवरून कागद वाचणारांसाठीं चार खुणा आम्ही सुचवितों. पहिली : शब्दाचे शेजारी पाहावे. परगणा, तर्फ, कसबा, हक्क, लाजिमा, वसूल हे शब्द जवळ असतील तर महाल व हवेली मुलुखी होत. चौक, सोपा, खण, माडी, दरवाजा असतील तर इमारत. दुसरी : वाड्यापूर्वीं जातीचें किंवा धंद्याचें नांव असेल तर आळी, व्यक्तीचें किंवा आडनांवाचें असेल तर बहुधा घर, गुरामेंढरांचें असेल तर कुंपण. तिसरी : लेखकाचा प्रांत व काळ ठरविल्याखेरीज कोठी, देवडी, बंगला यांचा अर्थ लावूं नये. चौथी, व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची : एकाच कागदांत राहत्या जागेस दुसरा शब्द वापरला आहे काय तें पाहावें. आमच्या कागदांत खरें मोठें घर ‘घर’ या दोन अक्षरांत लपलें होतें, आणि आम्ही गोठ्याच्या दारांत राजवाड्याचा पत्ता विचारीत होतों.

१७. कोशांतील प्रतिशब्द हा त्या कोशाच्या काळाचा साक्षीदार असतो, त्यापूर्वींच्या काळाचा नव्हे. थोर घराचीं नांवें तर विशेषच फसवीं असतात, कारण त्यांचा जन्म थोर घरांत झालेला नसतो. मुक्काम, उतारा, कुंपण, उंबरठा, कोठार, झोंपडी अशा सामान्य स्थळीं तीं जन्मतात. थोर माणसें त्यांत येऊन राहतात तोंवर मिरवितात. आणि माणसें उठून गेलीं कीं पुन्हा भाड्याच्या खोल्यांत येतात. वाचक मात्र त्यांस मधल्या पायरीवर पाहतो व तेथेंच तीं सदैव होतीं असें समजतो.

१८. वर सांगितलेल्या घराण्याच्या धाकट्या शाखेंतील एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं घरीं जाऊन ही दुरुस्ती सांगितली. आपल्या पूर्वजास वाडा मिळालाच नाहीं हें ऐकून त्यांस वाईट वाटेल अशी आम्हांस धास्ती होती. त्यांनीं कागद हातांत घेतला, गुरांच्या गणतीच्या ओळीवर आमच्याकडून बोट ठेववून घेतलें, आणि एवढेंच म्हणाले, ‘मास्तर, पहिलें छापलें होतं तसंच हेंहि छापा.’ त्याप्रमाणें येथें छापीत आहों. वडील शाखेचाहि यांत तोटा नाहीं. तीन राजवाड्यांपेक्षां तीन महालांचें वतन ही मोठी प्रतिष्ठा होती. ज्या वाचकांच्या संग्रहांत वाडा, महाल किंवा हवेली या शब्दांचे मितिवार उल्लेख असतील त्यांनीं ते आजूबाजूच्या ओळींसह उतरवून या त्रैमासिकाकडे धाडावे, अशी विनंति आहे. नुसता शब्द धाडूं नये. नुसत्या शब्दावर विसंबून आम्ही एकदां ठेचाळलों आहों.